आकडे गेल्यावर

बाईंचे आकडे गेले ते भर वर्गात, फळ्यासमोर उभ्या असताना. हातात खडू होता, अर्धं उदाहरण सोडवून झालं होतं, आणि पुढची ओळ लिहायला त्यांनी हात उचलला तर वरच्या ओळीत काय लिहिलंय तेच कळेना. अक्षर त्यांचंच होतं. पण आकडे कुणीतरी परक्या लिपीत काढून ठेवल्यासारखे दिसत होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग हात जड झाला, खडू खाली पडला, आणि पुढच्या बाकावरच्या मुली धावत आल्या तेव्हा बाई टेबलाला धरून उभ्या होत्या. घाबरू नका, मला जरा बसू द्या, असं त्याच मुलींना समजावत होत्या.

मेंदूतली एक बारीकशी रक्तवाहिनी बंद पडली होती. वेळेवर दवाखान्यात आणलं म्हणून थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं शाबूत होतं, चालणं शाबूत होतं, हातातली ताकदही हळूहळू परत येत होती. मग तपासणी म्हणून त्यांनी बाईंसमोर बोटं धरली. एक ओळखता आलं, दोन आली, तीनही आली. त्यापुढे सगळं धुकं. डॉक्टरांनी दोन्ही पंजे पसरले तेव्हा बाई म्हणाल्या, ‘‘बरीच आहेत.’’ डॉक्टरांना वाटलं, बाई थट्टा करताहेत. ते हसले. बाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तेव्हा हसू आवरतं घेऊन त्यांनी विचारलं, तुम्ही काम काय करता.

‘‘गणित शिकवते,’’ बाई म्हणाल्या.

शाळेत त्यांना पोरं मागून ‘कॅल्क्युलेटर बाई’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मनातून आवडायचंही. मोठमोठे गुणाकार त्या बोलता बोलता तोंडी करत. घराच्या खाली नवऱ्याचं फ्रेमा आणि काचांचं दुकान होतं. तो जिन्याच्या तळाशी उभा राहून चित्राची लांबी-रुंदी ओरडून सांगायचा आणि वरून भाजी चिरता चिरता बाई पट्टी किती लागेल ते सांगायच्या. गिऱ्हाईक तोंडाकडे बघत राहायचं. नवरा अशा ऐटीत मान डोलवायचा जणू हिशेब त्यानेच केलाय.

घरी आल्यावर कळलं की आकडे किती ठिकाणी लपलेले असतात. घड्याळात होते, फोनवर होते, बसच्या पाटीवर, औषधाच्या पाकिटावर, लिफ्टच्या बटणांवर. बाई सगळीकडे अडखळायच्या. नणंद त्यांच्याकडेच राहायची. वयाने मोठी, लग्न न केलेली, घराचा कारभार तिच्या हातात आणि जीभ तिखट. भावजयीला घड्याळ कळत नाही म्हटल्यावर तिने ते काम अंगावर घेतलं. दर तासाला ती दारात येऊन वेळ सांगून जायची, आणि बाई झोपल्या असल्या तर हलवून उठवून सांगायची. शेवटी तिचा भाऊच वैतागून म्हणाला, अगं ताई, ती आजारी आहे, तू घड्याळासारखे टोले कसले देतेस. नणंदेने ते मनाला लावून घेतलं नाही. इतकी वर्षं घरातले सगळे आकडे हिने वाहिले, आता चार दिवस मी वाहिले तर माझे खांदे मोडत नाहीत, असं म्हणून ती पुढच्या तासाला पुन्हा दारात हजर.

दवाखान्यातून एक तरुण थेरपिस्ट घरी येऊ लागली. स्वभावाने गोड, चिकाटीची. ती रंगीत मणी मांडायची, पत्ते मांडायची, यातला मोठा कोणता, त्यातला लहान कोणता, असं विचारायची. बाई जीव तोडून बघायच्या. कपाळावर घाम यायचा. उत्तर चुकलं की थेरपिस्ट म्हणायची, काही हरकत नाही, मावशी, आपण परत करू. ते ‘काही हरकत नाही’ बाईंना सगळ्यात जास्त लागायचं. आयुष्यभर तेच वाक्य त्या दुसऱ्यांना म्हणत आल्या होत्या.

आठवडे गेले. मणी मणीच राहिले. एक दिवस बाईंनी कपाटातली गणिताची सगळी पुस्तकं काढून जमिनीवर रचली आणि नवऱ्याला सांगितलं की ही शाळेला देऊन टाका. तो ढिगाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला की आज दुकानात गर्दी आहे, उद्या बघू. दुकानात काळं कुत्रं नव्हतं, हे बाईंना वरूनही दिसत होतं.

त्याच दुपारी एक गिऱ्हाईक आलं. मध्यमवयाचा माणूस, वर्तमानपत्रात गुंडाळलेला काचेचा तुकडा घेऊन. आईच्या गोल टेबलावरची काच फुटली होती. बाकीचा चुरा घरच्यांनी फेकून दिला होता, आणि टेबलाच्या कडेला खाच असल्याने नवी काच जुनीइतकीच हवी होती, जरा लहान नाही की जरा मोठी नाही. टेबल आईकडे, आई लांब गावी. हातात होता तो एवढा एक तुकडा, एका बाजूला वाकडी कड असलेला. नवऱ्याने तुकडा उलटासुलटा केला आणि मान हलवली. पूर्ण गोल असता तर त्याने आडवा मापला असता. तुकड्यावरून गोल कसा काढायचा हे त्याच्या कामात कधी आलंच नव्हतं. बाई दुकानात कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. नणंद बाजाराला गेली की त्यांना एकटं ठेवायचं नाही, असा घरातला नियम झाला होता.

नवरा गिऱ्हाइकाला नाही म्हणणार, इतक्यात बाई उठल्या. त्यांनी चित्रांवर घालायचा पातळ, आरपार दिसणारा कागद मागितला. कागदावर तुकडा ठेवून त्याची वाकडी कड पेन्सिलीने गिरवली. मग कागद खिडकीच्या उजेडाला धरला आणि असा दुमडला की कडेची रेघ बरोबर त्याच रेघेवर पडावी. बोटाने घडी पक्की केली. कागद उलगडला, आणि दुसऱ्या ठिकाणाहून तसाच पुन्हा दुमडला. दोन घड्या दूर एका जागी एकमेकींना छेदून गेल्या. बाईंनी तिथे टिंब काढलं.

‘‘हा मध्य,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इथे कटरचं टेकण ठेवा आणि त्याचा हात कडेपर्यंत उघडा.’’

नवऱ्याने कागदाकडे बघितलं, मग बायकोकडे. ‘‘हाच कशावरून?’’ त्याने विचारलं. शंका घ्यायची म्हणून नव्हे. महागाची काच कापायची होती, आणि कापलेली काच पुन्हा सांधत नाही.

बाई सावकाश बोलू लागल्या, आणि पुढचं वाक्य मागच्या वाक्यातून आपोआप निघत गेलं.

‘‘घडी घातली तेव्हा कड कडेवर बसली. म्हणजे गोल स्वतःवरच बसला. गोल तोच, तर त्याचा मध्यही तोच. म्हणजे घडी घालताना मध्य जागचा हलला नाही. आता सांगा, कागद दुमडताना जागचं न हलणारं काय असतं? फक्त घडीची रेघ. म्हणून मध्य त्या रेघेवरच असणार. दुसऱ्या घडीचंही तसंच. दोन्ही रेघांवर असलेली जागा एकच आहे. म्हणून तो तिथेच आहे. दुसरीकडे असूच शकत नाही.’’

नवऱ्याने कागद पुन्हा दुमडून पाहिला, एकदा या रेघेवर, एकदा त्या. मग कागद टेबलावर पसरून त्यावर मोठी काच ठेवली, टिंबाच्या वर कटरचं रबरी टेकण बसवलं, कटरचा हात गिरवलेल्या कडेपर्यंत उघडला आणि फिरवला. काच सुटली. फुटका तुकडा नव्या काचेच्या काठाशी लावला तर दोन्ही कडा अशा जुळल्या की मधून कागद सरकला नसता.

बाई खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांना रडू फुटलं, आणि गिऱ्हाईक गोंधळून गेलं. नवऱ्याने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचं काही चुकलं नाही, उलट तुमच्या आईचे आमच्यावर उपकार झाले.

त्या रात्री जेवताना बाईंनी जे सांगितलं ते नणंदेला अर्धंच कळलं, पण भावजय इतक्या आठवड्यांनी भरभरून बोलतेय एवढं तिला पुरलं. बाईंचं म्हणणं असं, की आपल्याला वाटत होतं सगळं घर जळालं. आत जाऊन बघितलं तर जळाली ती समोरची पडवी. ‘म्हणून’ अजून जागेवर आहे. एका गोष्टीवरून दुसरी ठरते, दुसरीवरून तिसरी, ती वाट डोक्यात तशीच मोकळी आहे. त्या वाटेवर आकडे लागतातच असं नाही. नणंद म्हणाली की तुला ‘म्हणून’ येतं हे मला कधीच माहीत होतं, लग्न झाल्यापासून तू माझ्याशी त्याच शब्दाने भांडतेस.

दुसऱ्या दिवशी पुस्तकं कपाटात परत गेली. बाई रोज एकेक उघडत. आकडे असलेली पानं परकीच वाटत, ती उलटून त्या आकृत्यांपाशी यायच्या. रेषा, कोन, वर्तुळं. एखादी सिद्धता झाकून ठेवायच्या आणि स्वतः शोधायला बसायच्या. काही जमायच्या, काहींत आकड्यांची गाठ यायची आणि तिथे त्या थांबायच्या. थेरपिस्टला त्यांनी ती गाठ दाखवली. तिने मणी बाजूला ठेवले आणि म्हणाली की मावशी, हे मला शिकवा, माझं शाळेत इथेच घोडं अडलं होतं. त्यानंतर तिच्या येण्याची बाई वाट बघू लागल्या.

रजा संपत आली तेव्हा बाई शाळेत मुख्याध्यापिकेला भेटायला गेल्या. शाळेत सगळे त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणत, जरी वयाने त्या बाईंपेक्षा लहान होत्या. टेबलावर बाईंच्या निवृत्तीचे कागद तयार होते. मोठ्या बाईंनी ते कागद लपवले नाहीत, आणि ते बाईंना आवडलं. बाईंनी मागितलं ते थोडकंच होतं: मोठ्या मुलांचे भूमितीचे तास. अंकगणित, बीजगणित दुसऱ्या कुणाकडे द्या. मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘तुमच्यावर माझा विश्वास आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण उद्या एखादे पालक आले आणि म्हणाले, ज्यांना घड्याळ वाचता येत नाही त्या आमच्या मुलांना गणित शिकवतात, तर मी काय उत्तर देऊ?’’

बाई म्हणाल्या, ‘‘एक तास द्या. तुम्ही मागच्या बाकावर बसा. मग तुम्हाला जे वाटेल तेच त्यांना सांगा.’’

तासाच्या दिवशी नणंदेने त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं आणि वेळ सांगून परत गेली. बाई वर्गात शिरल्या. फळा तोच होता. त्यांनी मुलांना आधीच सगळं सांगून टाकलं: मला आकडे आता ओळखता येत नाहीत, उद्या येतील का ठाऊक नाही, कुठे आकडा लागला तर तो तुम्हालाच सांगावा लागेल. मग त्यांनी प्रत्येकाला कागदाचा एक त्रिकोण कापायला लावला, कसाही, वेडावाकडा चालेल. त्याचे तिन्ही कोपरे फाडून टोकाला टोक लावून शेजारी शेजारी मांडायला सांगितले. बाकाबाकांवरून कुजबुज उठली. कुणाचा त्रिकोण काटकुळा होता, कुणाचा पसरट, पण प्रत्येकाच्या बाकावर तीन कोपरे मिळून खालची कड सरळ रेषा झाली होती.

एका मुलाने सवयीने किती अंश झाले ते सांगितलं. बाई म्हणाल्या, असेल, तो आकडा तू सांभाळ. मला सरळ रेषा दिसतेय, मला तेवढं पुरतं.

या वर्गात एक मुलगी होती, जिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू व्हायचं. मुलांनी तिचं नाव ‘पणबाई’ ठेवलं होतं. तिने हात वर केला.

‘‘पण बाई, हे आमच्याच त्रिकोणांचं झालं. आम्ही कापले नाहीत त्यांचं काय?’’

बाईंना तिला मिठी मारावीशी वाटली. त्या फळ्याकडे वळल्या. एक त्रिकोण काढला. वरच्या टोकातून, खालच्या बाजूला समांतर अशी एक लांब रेषा ओढली. दोन समांतर रेषांना एक तिरकी रेषा कापत गेली, तर ती दोघींनाही एकाच कलाने कापते, हे मुलांना आधीच शिकवलेलं होतं. बाईंनी तेवढं आठवायला लावलं. मग विचारलं, खालचा डावा कोन वर कुठे दिसतो? खालचा उजवा? मुलांनी बोटं दाखवली. खालचे दोन्ही कोन वर जाऊन त्रिकोणाच्या टोकाच्या कोनाला दोन्हीकडून चिकटले होते, आणि तिघे मिळून ती लांब रेषा भरून निघाली होती.

‘‘मी कोणता त्रिकोण काढला होता?’’ बाईंनी विचारलं. ‘‘काटकुळा की पसरट? बोलताना त्याचा कुठे उपयोग केला का? नाही केला. म्हणून हे सगळ्यांचं झालं. जे तुम्ही कापले नाहीत त्यांचं, जे तुमच्या आधी कुणी कापले त्यांचं, आणि जे कुणी कधीच कापणार नाही त्यांचंही. जगातले सगळे त्रिकोण मोजायला कुणाचं आयुष्य पुरलं असतं? पण या खोलीत बसून, खडूच्या तुकड्याने, आपल्याला ते कळलं. मला गणित म्हणजे हे वाटतं. आकडे मला फार आवडायचे, अजून त्यांची आठवण येते. पण ते गेल्यावर मला हे नीट दिसलं.’’

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पणबाई फळ्याकडे एकटक बघत होती आणि तिचं ‘पण’ बराच वेळ आलं नाही. तास संपल्यावर मोठ्या बाई मागच्या बाकावरून उठल्या. त्यांच्याही हातात कागदाचे तीन फाडलेले कोपरे होते. त्या एवढंच म्हणाल्या की सोमवारपासून या, वेळापत्रकाचं मी बघते. पालक आले तर त्यांनाही एक त्रिकोण कापायला लावीन.

पालक आलेही. दोघे-तिघे कुरकुरले. एकाने मुलाला दुसऱ्या तुकडीत घातलं. मोठ्या बाईंना वरून विचारणा झाली आणि डॉक्टरांचं पत्र जोडावं लागलं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर बाई ‘बरोबर’, ‘इथे का?’, ‘पुन्हा विचार कर’ असं लिहायच्या आणि गुणांचं काम दुसरे शिक्षक करायचे. त्यात चिडचिडही व्हायची, त्या शिक्षकांची आणि बाईंचीही. काही दिवस बाईंना धुक्यात चौथा मणी दिसल्यासारखा वाटायचा, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नाहीसा व्हायचा. थेरपिस्ट म्हणायची की दिसला होता हे खरं ना, मग बास. नवरा जिन्याच्या तळाशी उभा राहून आता लांबी-रुंदी ओरडत नसे. त्याने हिशेबाचं एक छोटं यंत्र आणलं होतं आणि त्याच्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

वर्षाच्या अखेरीस एका दुपारी पणबाई शिक्षकांच्या खोलीत आली. हातात खेळायचा चेंडू होता आणि त्याला दोरा गुंडाळलेला. तिचं म्हणणं होतं की चेंडूवर सरळ रेषा म्हणजे ताणून धरलेला दोरा, दुसरी कसली असणार. तिने वरच्या टोकापासून दोरा चेंडूच्या कमरेपर्यंत, म्हणजे ऐन मधल्या घेरापर्यंत, आणला होता, कमरेवरून पाव वळसा पुढे नेला होता आणि तिथून परत वरच्या टोकाला. त्रिकोण झाला होता. पण त्याचा प्रत्येक कोपरा पुस्तकाच्या कोपऱ्यासारखा काटकोनी होता. तीन असे कोपरे शेजारी मांडले तर सरळ रेषेच्या बाहेर सांडत होते.

‘‘पण बाई, तुम्ही म्हणाला होतात, सगळ्या त्रिकोणांचं.’’

बाईंनी चेंडू हातात घेतला. दोऱ्यावरून बोट फिरवलं. मुलगी खरं बोलत होती. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला, आणि त्या दिवशी फळ्यावर काय काय केलं होतं ते मनात एकेक पायरी मागे जाऊन तपासलं. टोकातून समांतर रेषा ओढली होती. त्यांनी मुलीला आणखी दोरा मागितला आणि वरच्या टोकातून, कमरेच्या दोऱ्याला कधीच भेटणार नाही असा दोरा ताणून बघायला सांगितलं. मुलीने इकडून प्रयत्न केला, तिकडून केला. कुठूनही ताणला तरी दोरा चेंडूला वळसा घालून कमरेला जाऊन भेटायचाच.

‘‘इथे समांतर रेषाच नाही,’’ मुलगी हळूच म्हणाली.

‘‘नाही. म्हणून माझी सिद्धता इथे चालत नाही. ती सपाट कागदापुरती होती आणि मी ते तुम्हाला सांगितलं नाही. माझ्याही ध्यानात नव्हतं.’’

‘‘मग इथे काय खरं आहे?’’

‘‘मला माहीत नाही,’’ बाई म्हणाल्या, आणि हे म्हणताना आपल्याला आनंद होतोय हे त्यांच्या लक्षात आलं. पुस्तकांत कुठेतरी असेल, कुणीतरी कधीच शोधून ठेवलं असेल. पण आधी पुस्तक उघडायचं नाही, असं दोघींचं ठरलं. नणंद न्यायला आली तेव्हा दोघी खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. चेंडूवर आता लहान त्रिकोण होता, आणि तो मोठ्या त्रिकोणापेक्षा कमी सांडतो की जास्त यावरून त्यांची हुज्जत चालली होती. नणंदेने वेळ सांगितली. कुणी ऐकलं नाही. मग तीही चपला काढून खाली बसली आणि तिने दोऱ्याचं एक टोक धरलं.